गोल्फची शिकवणी: कधी लावायची आणि किती दिवसांनी जायचं?

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतायत, लेसन कधी सुरू करायचा आणि दोन लेसनमधे किती दिवस जाऊ द्यायचे. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देतोय. मी पुण्यात शिकवतो, रोज सकाळी साडेसहापासून रेंजवर, म्हणजे बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर, असतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

प्रश्न: वय ३८, हिंजवडीत नोकरी. ऑफिसच्या मित्रांबरोबर चार महिने दर शनिवारी रेंजवर जातोय. यूट्यूब बघून बघून आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) बऱ्यापैकी लागायला लागलंय पण सगळ्यात लांब मारायचा ड्रायव्हर घेतला की बॉल उजवीकडे वळत वळत जातो. मित्र म्हणतात कोच लाव, मला वाटतं आधी हात जरा बसू दे मग जाऊ. बब्बा वॉटसन या अमेरिकन खेळाडूनं म्हणे आयुष्यात लेसन घेतला नाही. तुमचं काय मत?

उत्तर: दादा, "हात बसू दे मग येतो" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण हात बसतोच हो, दर शनिवारी शंभर बॉल मारले की कुणाचाही बसेल, तो कसा बसला एवढाच प्रश्न आहे. आणि बसलेला हात उठवायला जो त्रास होतो तो कोऱ्या हाताला शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त, शिकणाऱ्यालाही आणि शिकवणाऱ्यालाही.

एक करा. डाव्या हाताचा ग्लोव्ह बॅगेतून काढा आणि तळव्याची बाजू उजेडात धरून बघा. करंगळीच्या खाली, मनगटाच्या जरासं वर जी मांसल गादी असते तिथे कातडं घासून काळं पडलंय का, किंवा भोकच पडलंय का? पडलं असेल तर क्लब तुम्ही बोटांत न धरता तळव्यात धरताय आणि स्विंगमधे तो तिथे सरकतोय. दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका, बोटांत बसायला हवा आणि वरून खाली बघितलं की डाव्या हाताच्या दोन-अडीच नकल्स, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे, दिसायला हव्यात. तळव्यात धरला की मनगट मोकळं फिरत नाही, मग बॉलपाशी येताना क्लबचं तोंड उघडं राहतं, आणि बाहेरून आत कापत आलेल्या क्लबचं तोंड उघडं राहिलं की बॉल उजवीकडे वळणारच. आयर्नला लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, जास्त म्हणून बॉल वर चढतो आणि वळण झाकलं जातं. ड्रायव्हर काही झाकत नाही. म्हणजे तुमचं आयर्न चांगलं आणि ड्रायव्हर वाईट असं नाहीये बहुतेक, दुखणं दोन्हीकडे एकच आहे.

माझ्याकडे एक गृहस्थ चार वर्षं स्वतःचं स्वतः खेळून आले होते. बॉल उजवीकडे जातो म्हणून त्यांचं शरीर आपोआप डावीकडे तोंड करून उभं राहायला शिकलं होतं, पाय डावीकडे, खांदे डावीकडे, आणि बॉल वळून बरोबर मधे यायचा, त्यांना वाटायचं जमलं. मी ग्रिप सरळ केली त्याबरोबर बॉल डावीकडच्या जाळीत. साहजिकच आहे, उभेच डावीकडे बघून होते. मग उभं राहणं बदललं, मग खांदे, मग बॉल पायांच्या मधे कुठे ठेवायचा ते, असं एकावर एक रचलेलं सगळं खाली उतरवावं लागलं आणि त्यात आठ महिने गेले, मधे दोनदा तर ते खेळच सोडायला निघाले होते. चार महिन्यांनी आले असते तर तीन-चार लेसनचं काम होतं, हे मला अजून लागून राहिलंय.

बब्बा वॉटसनचं म्हणाल तर खरंय, रीतसर लेसन न घेता त्यानं २०१२ आणि २०१४ ला मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा जिंकली. पण तो लहानपणी घराभोवती प्लॅस्टिकचे हलके बॉल मारत मोठा झाला, झाडाला वळसा घालून, कोपऱ्यावरून, सगळं पोरवयात. आपल्याला तिशी-चाळिशीत शनिवारची एक सकाळ मिळते. तेवढ्या वेळात चुकत चुकत शोधत बसणं परवडत नाही.

तर आत्ता जा, पुढचा शनिवार गाठा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक असे चार लेसन घ्या, कारण ग्रिप, उभं राहणं, बॉलपासूनचं अंतर या गोष्टी नव्या असताना सात दिवसांत निसटतात, कुणीतरी लगेच बघून परत जागेवर आणायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी एक. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानी एक पुरतो. पण हे सगळं एका अटीवर, दोन लेसनच्या मधे कमीत कमी दोनदा तरी तुम्ही एकटे रेंजवर गेला असाल तर. गेला नसाल तर कोचला फोन करा आणि लेसन पुढे ढकला, आम्हाला राग येत नाही, उलट तीच चूक परत दाखवायचे पैसे घेताना आम्हालाच कसंतरी होतं.

आणि एकटे गेलात की पन्नास बॉलची बकेट संपवायची घाई करू नका. पहिले पंधरा अर्ध्या स्विंगनी, फक्त जे सांगितलं तेवढंच डोक्यात ठेवून, प्रत्येक बॉलला हात पूर्ण सोडून परत नव्यानं ग्रिप धरायची, एकदा धरून दहा बॉल नाही मारायचे. पुढचे वीस पूर्ण स्विंगनी. उरलेले पंधरा दर वेळी क्लब बदलून, दर वेळी वेगळं निशाण धरून, कारण खऱ्या मैदानावर, म्हणजे कोर्सवर, एकच शॉट लागोपाठ दोनदा मारायला कधी मिळत नाही. घरी क्रिकेट बघताना क्लब जवळ ठेवा, धरा, बघा, सोडा, परत धरा. पाच मिनिटं पुरे. माझ्याकडच्या ज्या लोकांनी हे घरचं पाच मिनिटांचं केलंय ते दुसऱ्या लेसनला आले की लांबूनच ओळखू येतात.

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, बँकेतून रिटायर्ड, नाशिकला असतो. आता वेळच वेळ आहे. इथल्या एका कोचनी दहा लेसनचं पॅकेज सांगितलंय, महिन्याभरात संपवायचं, स्वस्तात पडतं. घ्यावं का? रोज गेलो तर लवकर येईल ना?

उत्तर: काका, तुमचा उत्साह वाचून फार बरं वाटलं, साठीनंतर सुरू करून सुंदर खेळणारी माणसं मी रोज बघतो. पॅकेज घ्यायला हरकत नाही पण महिन्याची मुदत काढून घ्या, चार महिन्यांची करून मागा. बहुतेक कोच ऐकतात. ऐकलं नाही तर सुटे चार घ्या, जरा महाग पडले तरी.

कारण असं बघा, लेसनमधे जे सांगतात ते तिथल्या तिथे डोक्याला कळतं, अंगाला कळायला दिवस लागतात. सोमवारी एक गोष्ट सांगितली, ती अंगी लागायच्या आत बुधवारी दुसरी, शुक्रवारी तिसरी, की बॉलसमोर उभं राहिल्यावर डोक्यात पाच सूचना एकदम बोलायला लागतात आणि हात जागच्या जागी गोठतो. वाढलेलं एक पचल्याशिवाय दुसरं वाढू नये, तसंच आहे. तुम्हाला पहिले तीन आठवडे आठवड्याला एक आणि नंतर पंधरा दिवसांनी एक हे छान बसेल. मधल्या दिवसांत वेळ आहे ना, तो सरावाला द्या, आणि त्यातही एक दिवस आड.

एक दिवस आड हे मी मुद्दाम सांगतोय. या वयात स्नायूंना रोजची सवय नसते आणि मॅटवरून रोज शंभर बॉल मारले की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, त्याला गोल्फर्स एल्बोच म्हणतात. क्लब जमिनीला आपटतो तो सगळा धक्का कोपरात जातो, आणि मॅटच्या खाली सिमेंट असतं. एकदा ते दुखणं धरलं की महिने जातात. लेसनही तासाचा न घेता अर्ध्या तासाचा मागा, आधी दहा मिनिटं कंबर, खांदे, मांड्या मोकळ्या करून. पाठीचं, गुडघ्याचं काही जुनं असेल तर पहिल्याच दिवशी कोचला सांगा, लपवू नका, स्विंग त्याप्रमाणे बेताचा बसवता येतो. आणि कोचला सरळ विचारा की नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट आहे का, विचारण्यात काही उद्धटपणा नाही. सर्टिफिकेट नसलेले, खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडीपासून वर आलेले अतिशय चांगले शिकवणारेही आहेत, माझे स्वतःचे पहिले गुरू तसेच होते. पण मग त्यांच्याकडे शिकलेल्या दोन माणसांशी बोला, विशेषतः तुमच्या वयाच्या.

त्या गुरूंची एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. मी बॉलच्या आधी जमिनीला क्लब लावायचो, ज्याला फॅट म्हणतो आपण. त्यांनी स्विंगबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, खांद्यावरचा नॅपकिन काढून चौपदरी घडी केली, बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवली आणि म्हणाले, याला न लागता बॉल मार, महिनाभर हेच कर, तोपर्यंत माझ्याकडे येऊ नकोस. मी गेलो नाही. पंचवीस दिवसांनी नॅपकिन हलायचा बंद झाला. एका लेसनमधे एकच गोष्ट घेऊन घरी येणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं, आणि गवतावरच करा हे काका, मॅटवर क्लब घसरून पुढे जातो आणि फॅट लागलेला बॉलसुद्धा चांगला गेल्यासारखा दिसतो.

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची आहे, आम्ही नवी मुंबईत राहतो. उन्हाळी शिबिरात गोल्फ खेळली आणि तिला वेड लागलंय. कोच म्हणतात हुशार आहे, आठवड्यातून चार दिवस पर्सनल कोचिंग लावा. खर्च बराच आहे, शिवाय तिचा भरतनाट्यम आणि स्विमिंगही आहे, ते बंद करावं लागेल. आम्हाला काही सुचत नाहीये.

उत्तर: ताई, डान्स आणि स्विमिंग बंद करू नका एवढं आधी सांगतो. नाचात जो तोल येतो, पायावर वजन या बाजूचं त्या बाजूला न्यायची जी सवय लागते ती गोल्फला मी कितीही शिकवून देऊ शकत नाही. नवव्या वर्षी मुलाला एकाच खेळाला जुंपणं मला पटत नाही, मी अशी मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी क्लब कोपऱ्यात टाकून निघून गेलेली बघितली आहेत, चांगल्या हाताची मुलं, आणि त्यांच्या आईवडलांचे चेहरे अजून डोळ्यासमोर आहेत.

आठवड्यातून एक दिवस ग्रुपमधे, तिच्या वयाच्या पाच-सहा मुलांबरोबर, आणि महिन्यातून एक पर्सनल, या वयाला एवढं भरपूर झालं. बाकी तिला खेळू द्या. खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे खेळायला कुठल्या क्लबची मेंबरशिप लागत नाही, मुलांच्या वेळा आणि फी आधी फोन करून विचारा आणि सुट्टीच्या दिवशी घेऊन जा. चिपिंग (जवळून मारलेला छोटा, उचललेला फटका) आणि पटिंगच्या (बॉल घरंगळवत होलमधे घालणं) पैजा लावा तिच्याशी, दहापैकी किती आत जातात. मुलं ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, आसपास जेवढं शिकतात तेवढं रेंजवरच्या रांगेत उभं राहून शिकत नाहीत.

क्लबबद्दल मात्र कंजुषी नको. मोठ्या माणसाचा जुना क्लब खालून कापून देतात, तो आखूड होतो पण जडच राहतो, दांडाही कडक, मग मूल तो उचलायला सगळं अंग मागे टाकतं आणि तीच सवय लागते. मुलांचे वेगळे हलके सेट मिळतात, तिच्या उंचीप्रमाणे तीन-चारच घ्या, सेकंडहॅंडही चालतील, दोन वर्षांत लहान होणारच आहेत.

अमेरिकेच्या जॅक निकलसनी १९५० मधे, दहाव्या वर्षी जॅक ग्राउट यांच्या मुलांच्या ग्रुप क्लासमधे जाऊन सुरुवात केली, आणि पुढे १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकेपर्यंत गुरू तेच. आपल्याकडची अदिती अशोक बंगळुरूची, पाच-सहा वर्षांची असताना सुरुवात, आणि टोकियो ऑलिम्पिकला चौथी आली तेव्हा तिची बॅग उचलून चालणारी कॅडी तिची आई होती. मुलीचं वेड तुम्ही कसं सांभाळता याला कोचिंगच्या तासांपेक्षा जास्त किंमत आहे हो. चार दिवसांचा विचार बाराव्या वर्षी करा, आणि तेव्हा तो विषय तिनं काढलेला असू दे, कोचनी नव्हे.

प्रश्न: हॅंडिकॅप (ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, कमी तेवढा खेळ चांगला) १६, दोन वर्षं तिथेच अडकलोय. दर महिन्याला लेसन घेतो, वर्षभरात तीन कोच बदलले. तीन आठवड्यांनी आमच्या क्लबची टूर्नामेंट आहे, त्याआधी रोज लेसन लावू का?

उत्तर: नका लावू. तीन आठवड्यांत स्विंगमधलं काही बदलायला घेतलंत तर टूर्नामेंटच्या दिवशी जुना हात गेलेला असेल आणि नवा आलेला नसेल. टायगर वुड्सनी १९९७ ला मास्टर्स १२ शॉटनी जिंकली, वय २१, आणि त्यानंतर आपले कोच बुच हार्मन यांच्याबरोबर स्विंग पुन्हा बांधायला घेतला. १९९८ मधे त्याला पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, एकच विजय मिळाला. १९९९ मधे आठ मिळाले आणि २००० मधे तर तीन मेजर. रोज आठ-दहा तास देणाऱ्या त्या माणसाला वर्षाच्या वर वेळ लागला तर नोकरी सांभाळून खेळणाऱ्या आपल्याला तीन आठवड्यांत काय होणार. आत्ता फक्त एक लेसन घ्या, तोही पटिंग आणि चिपिंगचा, आणि बाकी तुमचा आहे तो खेळ घेऊन खेळा.

टूर्नामेंट झाली की मग खरं काम. तुम्ही तीन कोचना जाऊन काय सांगितलंत? बहुतेक "ड्रायव्हर सरळ जात नाही" हे. सगळे हेच सांगतात, कारण ड्रायव्हर चुकला की चारचौघात दिसतो आणि मनाला लागतो. कोचनीही मग तुम्हाला ड्रायव्हरच शिकवला असणार, तिघांनी तीन पद्धतीनं. पुढच्या पाच राउंडला स्कोअरकार्डवर चार गोष्टी लिहायला सुरुवात करा, फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, मिळाला का, ग्रीनवर ठरलेल्या शॉटमधे पोचलात का, पट किती लागले, पेनल्टी किती. खेळता खेळता लिहा, घरी आल्यावर आठवून लिहिलेलं खोटं निघतं, आपलं मन चुका सोयीप्रमाणे विसरतं.

एका विद्यार्थ्यानं मला असे पाच कागद आणून दिले, हॅंडिकॅप साधारण तुमच्याएवढाच. तो वर्षभर ड्रायव्हरचे लेसन घेत होता. कागदांवर होतं पाच राउंडमधे तीन-तीन पट लागलेली एकोणीस ग्रीन्स, म्हणजे एका राउंडला जवळजवळ चार, आणि बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, पहिल्या फटक्यात बाहेर न आलेले सात बॉल. ड्रायव्हर पेनल्टीत गेलेले पाच राउंडमधे मिळून चारच. पार ७२ च्या, म्हणजे ७२ शॉट ठरलेल्या, कोर्सवर हिशोबात ३६ पट धरलेले असतात, याचे चाळीस-एकेचाळीस व्हायचे. आम्ही दोन महिने लांब पट कपाजवळ नेऊन थांबवायचे आणि बंकरमधून बाहेर यायचं एवढंच केलं, मोठा क्लब बॅगेतून काढलासुद्धा नाही, आणि तो १२ वर आला.

तर कागद घेऊन जा, आणि एकाच कोचकडे निदान सहा महिने जा. दर महिन्याचा लेसन आहे तो दीड महिन्यावर न्या आणि दोनातला एक कोर्सवर घ्या, नऊ होल कोचबरोबर खेळत, कारण रेंजवर तुम्ही काय करता ते त्याला दिसतं, १५० यार्डावर समोर पाणी असताना कुठला क्लब काढता ते दिसत नाही, आणि १६ हॅंडिकॅपच्या माणसाचे बरेच शॉट तिथेच जातात. कोच बदलायचा असेल तर जरूर बदला, पण कधी? तो काय सांगतोय ते सहा महिन्यांत तुम्हाला एकदाही स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याला सांगता आलं नाही तर.

वर्षातून एकदा मात्र अगदी पहिल्यापासून तपासून घेणारा लेसन घ्याच. निकलस जगातला सगळ्यात मोठा खेळाडू झाल्यावरही दर वर्षी सीझन सुरू होताना ग्राउट गुरुजींकडे जायचा आणि ग्रिप कशी धरायची इथपासून परत बघून घ्यायचा. मला ही गोष्ट फार आवडते, प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी ती सांगतो.

प्रश्न: आम्ही नागपूरचे. माझे मिस्टर बारा वर्षं खेळतायत, आता मीही सुरू केलंय, आठवड्यातून दोनदा त्यांच्याबरोबर जाते. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर ते शिकवतात, "डोकं खाली ठेव, डोकं वर केलंस." प्रेमानंच सांगतात, पण माझा बॉल अजून जमिनीवरून घरंगळतो आणि घरी येईपर्यंत दोघंही गप्प. मी वेगळा लेसन घेतला तर त्यांना वाईट वाटेल का?

उत्तर: ताई, घ्या. आणि हा अंक त्यांच्याही हाती द्या, त्यांच्यासाठीही लिहितोय.

अहो, बॉल टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागाला लागतो, तेव्हा डोकं वर आलेलं दिसतं हे खरं, पण ते शेवटी येतं. बहुतेक वेळा खालून वर उचलून मारायचा प्रयत्न होतो, बॉल हवेत जावा म्हणून, त्यात डावा हात कोपरात दुमडतो, क्लब आखूड पडतो आणि बॉलच्या डोक्यावर लागतो. नव्या माणसाला "डोकं खाली" सांगितलं की तो मान आवळून धरतो, मग खांदे फिरत नाहीत, मग सगळा शॉट नुसत्या हातांचा होतो आणि बॉल आणखीच घरंगळतो. बॉल वर न्यायचं काम क्लबच्या लॉफ्टचं आहे, आपण क्लब खाली आणि पुढे न्यायचा, ही गोष्ट एकदा अंगाला कळली की ताईंचा बॉल त्याच दिवशी उडायला लागेल, मी हे अनेकदा बघितलंय आणि त्या क्षणी माणसाचा जो चेहरा होतो त्यासाठी तर मी हे काम करतो.

ताई, तुम्ही आठवड्यातून दोनदा जाताच आहात, म्हणजे सराव आहे, तेव्हा पंधरा दिवसांनी एक लेसन, असे सहा. पहिला ग्रीनजवळ मागा, पटिंग आणि छोटं चिपिंग, कारण छोट्या स्विंगमधे क्लब बॉलला कसा लागतो ते नीट कळतं आणि मग तोच मोठा करत न्यायचा. लेसनला एकट्या जा. बॉल कुठे गेला, पुढे कुणाची पाळी, ग्रीनवर कुठून चालायचं हे मिस्टरांनी सांगावं, त्यात बारा वर्षांचा अनुभव फार मोलाचा आहे. स्विंगबद्दल तुम्ही विचारलंत तरच. वाईट वाटायचं म्हणाल तर पहिल्या लेसनची फी त्यांनाच भरायला सांगा.

प्रश्न: न्यू जर्सीला असतो, मूळचा साताऱ्याचा. इथे थंडीत चार महिने खेळ जवळपास बंद. एप्रिलमधे लेसनला सुरुवात करतो, जम बसेपर्यंत जून येतो. पुण्यात दरवर्षी डिसेंबरमधे तीन आठवडे असतो तेव्हा तुमच्यासारख्या कुणाकडे शिकून मग व्हिडिओवर चालू ठेवता येईल का?

उत्तर: येईल, आणि तुमचा लेसनचा महिना एप्रिलऐवजी नोव्हेंबर हवा. जे काही मोठं बदलायचंय ते सीझन संपताना सुरू करायचं, स्कोअरची चिंता नसते, थंडीत सिम्युलेटरवर किंवा घराच्या बेसमेंटमधे जाळी लावून तेवढंच घोटायचं, आणि एप्रिलमधे फक्त एक तपासणीचा लेसन. आपल्याकडे मुंबई-कोकणात लोक पावसाळ्याचं असंच करतात, जून ते सप्टेंबर कोर्स ओला, बॉल पडला की चिखलात रुततो, तेव्हा छपराखालच्या रेंजवर बदलाची कामं काढायची आणि ऑक्टोबरला नवा हात घेऊन बाहेर पडायचं.

डिसेंबरच्या तीन आठवड्यांत तीनच लेसन घ्या, दर आठवड्याला एक. परत गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी एक व्हिडिओ पुरतो, रोज पाठवू नका, रोज बघून कुणालाच फरक दिसत नाही. फोन हातात धरून काढलेला व्हिडिओ उपयोगाचा नसतो, स्टॅंडवर ठेवा, तुमच्या हातांच्या उंचीवर. एक पाठीमागून, बॉल आणि निशाण यांच्या सरळ रेषेत ठेवून, आणि एक बरोबर समोरून, छातीसमोर. फोन तिरका असला तर चांगला स्विंगही वाकडा दिसतो आणि कोच नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. स्लो मोशनमधे काढा, सात नंबरच्या आयर्नचे तीन शॉट, ड्रायव्हर नको. आणि तिन्ही पाठवा, त्यातला चांगला निवडून नको.